श्रीमंत, घोडी माघारी का वळली ते ऐका

श्रीमंत बाजीराव रघुनाथ पेशवे यांस,
मुक्काम ब्रह्मावर्त, गंगातीर.

मराठेशाही फितुरीनं बुडाली, असं आमच्या सातारा-सांगलीकडे सर्रास म्हटलं जातं. या फितुरांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवणारे म्हणून बाळाजीपंत नातू येतात, सांगलीचे पटवर्धन येतात, आणि शेवटी सरसकट एका ओळीत ते हजारो बिननावाचे स्वारही येतात, जे १८१८ साली तुमची छावणी सोडून घोड्यासकट आपापल्या गावी परतले. तुम्हाला लोक 'पळपुटा' म्हणतात आणि तिथंच थांबतात. त्या एका शब्दावर तुम्ही फार स्वस्तात सुटला आहात. पळणं हा तुमचा लहान गुन्हा. आपल्याच फौजेपुढं घरी जाण्यावाचून दुसरा शहाणपणाचा मार्ग उरू नये, अशी व्यवस्था तुम्ही बावीस वर्षं खपून केलीत, तो मोठा गुन्हा. हे पत्र त्याबद्दल आहे.

पैशाचे आकडे तुम्हाला पाठ असत, आज माणसांचे ऐका. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीवर तुमच्या बाजूनं अठरा हजारांच्या आसपास स्वार आणि आठ हजार पायदळ उभं होतं, असं इतिहासकार ग्रँट डफनं नोंदवून ठेवलंय. समोर तीन हजारही माणसं नव्हती. ३ जून १८१८ला अशीरगडाच्या बाजूला तुम्ही इंग्रज सेनापती जॉन माल्कमच्या स्वाधीन झालात, तेव्हा तुमच्याजवळ चार-पाच हजार स्वार आणि तीनेक हजार पायदळ उरलं होतं, आणि त्या पायदळातही अरब बरेच. सात महिन्यांत बाकीचे कुठं गेले? खडकी, कोरेगाव, आष्टी, शिवनी या सगळ्या लढाया मिळूनही एवढी माणसं मेली नाहीत. ती घरी गेली.

भ्याली म्हणून गेली, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला जाऊन यावं. त्या गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान पडले. १९१५-१६मध्ये मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी जवळजवळ पाच महिने अडकून अर्धपोटी लढल्या. शरणागतीनंतर त्यांचा सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला आणि त्याचे शिपाई वाळवंटातून पायी चालताना मेले. असे सेनापती इंग्रजांतही निपजतात, हे तुमच्या समाधानासाठी सांगतो. पण ज्या मातीतून अशी पोरं निघाली, तिथल्या शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांनी तुमची साथ भित्रेपणानं सोडली, हे मी मानणार नाही. खडकीला जरीपटक्याबरोबर मोरोपंत दीक्षित पडले. तुमचे सेनापती बापू गोखले यांच्या स्वारांनी दलदल आडवी असतानाही घोडी घातली. तोवर तुमच्या फौजेत जीव होता.

त्या दिवशी तुम्ही पर्वतीवर होतात. अकरा दिवसांनी येरवड्याला इंग्रजांशी गाठ पडली, त्या रात्रीच तुम्ही पुणं सोडलंत, आणि सकाळी तोफा, तंबू नि राजधानी इंग्रजांना तशीच मिळाली. १ जानेवारीला कोरेगावात गल्लोगल्ली मारामारी चालली होती, तेव्हा तुम्ही नदीपलीकडच्या उंचवट्यावरून पाहत होतात. २० फेब्रुवारीला पंढरपूरजवळच्या आष्टीत जनरल स्मिथचे स्वार अंगावर आले, तेव्हा बेसावध राहिल्याचा बोल तुम्ही बापू गोखल्यांनाच लावलात, पालखीतून उतरून घोड्यावर बसलात आणि निघालात. बापू थोडे स्वार घेऊन आडवे झाले आणि तिथंच कापले गेले. तुमचं एक मानावं लागेल: निघण्याची वेळ तुम्ही एकदाही चुकवली नाहीत.

हे सगळं शिपाई पाहत असतो, श्रीमंत. सेनापतीला जय मिळालाच पाहिजे असं त्याचं म्हणणं नसतं. हार त्यानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली असते; पानपतावरून परतलेल्यांची नातवंडं तुमच्या फौजेत होती. पण रात्री मुक्कामाला आपण कुणासाठी थांबलोय आणि तो माणूस पहाटे इथंच असेल का, एवढं त्याला कळावं लागतं. तुमच्या छावणीत ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

शिलेदार म्हणजे काय, हे तुम्ही कधी नीट पाहिलं होतंत का, याची मला शंका आहे. बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, खोगीर त्याचं, भाला-तलवार त्याची, आणि घोड्यासाठी काढलेलं कर्जही त्याचंच. स्वारीत घोडा मेला की त्याची रोजी गेली. तो पायउतार होऊन गावी परतला तर सावकार दारात उभा. म्हणून लढाईत तो अंग राखत नसे, पण घोडं विनाकारण मारत नसे. आता तुमची वाट आठवा. नोव्हेंबरात पुण्याहून साताऱ्याजवळ माहुली, तिथून पंढरपूर, मग उत्तरेला जुन्नरकडं, तिथून खाली कोरेगाव, पुन्हा साताऱ्याच्या बाजूनं दक्षिणेला थेट घटप्रभेपर्यंत, तिकडं इंग्रजांचा मन्रो बसलाय म्हटल्यावर पुन्हा मागं, सोलापूर, आष्टी, मग गोदावरी ओलांडून चांद्याच्या दिशेनं, शिवनीला मार खाऊन अखेर अशीरगड. या चालीत तुमचा बेत काय, हे इंग्रजांना उमगलं नाही याचा काही इतिहासकारांना कौतुकमिश्रित अचंबा वाटतो. तुमच्या स्वारांनाही तो उमगला नव्हता, कारण इंग्रजांपासून दूर राहण्यापलीकडं बेतच नव्हता.

आणि ही दौड कुठल्या महिन्यांत चालली होती? पौष-माघात. आमच्या माणदेशात, खटावात, मिरज-तासगावच्या काळ्या रानात तेव्हा शाळू उभा असतो. वीस हजार घोडी त्यातून दोनदा गेली, एकदा पुढं नि एकदा मागं, आणि त्यांच्यामागून स्मिथ नि प्रिट्झलरच्या फौजा गेल्या. त्या घोड्यांना वैरण कुणाच्या शिवारातून मिळाली असेल? स्वार आपल्याच भावकीच्या उभ्या पिकात घोडं सोडत होता. शत्रूचा मुलूख जाळणं त्याला शिकवलेलं होतं. घरचं रान चारून पेशव्याला वाचवायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

ही लढाई सात महिन्यांची होती असं तुमचे कैवारी म्हणतात. सात महिन्यांत कुणी थकतो का, असं विचारतात. आमच्याकडे ती १७९६च्या डिसेंबरात सुरू झाली, तुम्ही गादीवर बसलात तेव्हा. शिंद्यांना कबूल केलेल्या पैशासाठी १७९८ साली सर्जेराव घाटग्याच्या हाती तुम्ही पुणं दिलंत आणि त्यानं सावकार-मुत्सद्द्यांचे हाल करून वसुली केली. १८०१मध्ये विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिलंत. त्याचा सूड घ्यायला यशवंतराव होळकर आला. ऑक्टोबर १८०२मध्ये हडपसरला हार झाली, आणि ३१ डिसेंबरला वसईत तुम्ही इंग्रजांची तैनाती फौज लिहून घेतलीत. त्या धुमाकुळानं देश उजाड झाला आणि पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ आला. खडकीच्या मैदानात तिशीतला जो स्वार उभा होता, त्यानं कळायला लागल्यापासून हेच पाहिलं होतं. त्याच्या लेखी हे युद्धाचं बाविसावं वर्ष होतं, आणि त्यातली बहुतेक वर्षं तुम्ही परक्याशी लढलाच नव्हतात.

तुम्ही आमच्याशी लढत होतात. कराडच्या पंतप्रतिनिधींवर तुम्ही बापू गोखल्यांना पाठवलंत. प्रतिनिधी कैद झाले, तर त्यांच्या बाजूनं वासोटा धरून ताई तेलीण झुंजली आणि गोखल्यांना महिनोन्‌महिने त्या एका किल्ल्यापाशी अडकून पडावं लागलं. छत्रपतींच्या घरातले चतुरसिंग भोसले साताऱ्याची गादी मोकळी करायला धडपडत होते. त्यांना १८१२ साली तुमच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यानं दग्यानं पकडलं, कांगोरीच्या किल्ल्यात टाकलं आणि ते कैदेतच मेले. वाईच्या रास्त्यांचा सरंजाम तुम्ही जप्त केलात. हे सगळं एका दिवसाच्या घोडदौडीच्या टापूत घडलं. या टापूतला एकही शिलेदार असा नसेल, ज्याच्या घरच्या किंवा सोयऱ्याच्या माणसानं यातल्या एखाद्या धन्याचं अन्न खाल्लं नव्हतं. मग १८१७ साली त्याच त्रिंबकजीला पाठीशी घालून तुम्ही हाक दिलीत: स्वराज्य धोक्यात आहे, घोडी घेऊन या. आणि ते आले, श्रीमंत. मला याचंच आश्चर्य वाटतं. सोडून गेले याचं मुळीच वाटत नाही.

आता सांगली. पटवर्धनांची घराणी पेशवाईच्या घोडदळाचा कणा होती. परशुरामभाऊ १७९९ साली कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकोडोलीला पडले. पुढच्याच वर्षी नाना फडणीस गेले, आणि तुम्हाला पटवर्धनांच्या शौर्याची नाही, त्यांच्या मुलखाची आठवण झाली. ते बारभाईंच्या बाजूनं तुमच्या वडिलांविरुद्ध उभे राहिले होते, तो राग तुम्ही पोटात जपून ठेवला होता. एक तपभर ही ओढाताण चालली. १८१२मध्ये पंढरपुरात इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टननं मध्यस्थी केली: जहागीरदारांनी बळकावलेला मुलूख सोडावा, ठरलेली चाकरी करावी, आणि त्यांच्या हक्काच्या सरंजामाला धक्का लागणार नाही याची हमी कंपनीनं द्यावी.

हे कलम पुन्हा वाचा. तुमच्याच सरदाराची जमीन तुमच्याच हातून सुरक्षित राहावी म्हणून त्याला परक्याची हमी लागली. त्या दिवशी पटवर्धनांची फौज तुमच्या हातून गेली. आष्टीनंतर घोडी सांगली-मिरजेकडं वळली ती त्याच वाटेनं. चिंतामणराव पटवर्धनांना फितूर म्हणणाऱ्यांनी आधी पंढरपूरचा कागद पाहावा.

रयतेचं तर बोलायलाच नको. मामलती तुम्ही इजाऱ्यानं दिल्यात: जो जास्त बोली लावेल त्याला परगणा. त्यानं ती पुढं दुसऱ्याला विकायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि शेवटच्यानं कुणब्याच्या घरातलं भांडं उचलायचं. दाद मागायची तर ज्याच्याकडं वसुली, न्यायही त्याच्याकडंच. एल्फिन्स्टननं १८१९च्या अहवालात हे तपशिलानं लिहिलंय. परक्याचं लिहिणं म्हणून ते बाजूला सारावं असं मलाही कधी वाटतं, पण जप्त्यांचे नि गहाणखतांचे आपल्याकडचे कागदही तीच साक्ष देतात. तुमचा स्वार याच कुणब्याचा भाऊ होता. त्याला मिळणारं वेतन आणि त्याच्या भावाकडून ओरबाडलेला सारा एकाच पिशवीतला होता, हे समजण्याइतकं गणित त्याला येत होतं.

काही माणसं तर तुम्हाला सोडून गेलीच नाहीत, कारण तुम्ही त्यांना आत घेतलं नव्हतं. मिरजेजवळच्या कळंबीचा शिदनाक महार १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत परशुरामभाऊंच्या फौजेत होता. त्याच्या राहुटीवरून कुरकुर झाली तेव्हा ही जेवणाची पंगत नाही, तलवारीची आहे, असा निवाडा झाल्याचं सांगतात. शिवाजी महाराजांच्या काळापासून गड राखणाऱ्या या समाजाला तुमच्या पुण्यात काय वागणूक मिळत होती, ते सांगायला नको. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' या अक्षरांनी संपणारी नावं वाचा. ती माणसं कंपनीच्या दुसऱ्या पलटणीत उभी होती आणि दिवसभर अन्नपाण्यावाचून लढली. हे शौर्य खर्ड्याला आपल्या बाजूला होतं. बावीस वर्षांत ते आपल्याकडून इंग्रजांकडं कसं गेलं, याचा जबाब कुणी द्यायचा? शिदनाकानं?

पैशाचं म्हणाल तर कॅप्टन फोर्डची ती ब्रिगेड आठवा. तुमच्या खजिन्यातून पगार घेणारी, दापोडीला राहणारी. खडकीच्या दिवशी ती कवायत करत इंग्रजांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आपल्या पैशानं इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली पलटणी उभ्या करून घरच्या शिलेदाराला हातचा ठेवणारा राज्यकर्ता मी दुसरा ऐकलेला नाही. ऑगस्ट १८१७मध्ये माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, तुम्ही माल्कमला भेटून मैत्रीच्या आणाभाका घेतल्यात. त्यानं विश्वास ठेवला आणि पेंढाऱ्यांविरुद्ध फौज वाढवा म्हणाला. माल्कमला फसवलंत, त्याचं मला दुःख नाही. पण तिथल्याच गावांतून उभी राहिलेली फौज कशासाठी जमतेय हे त्या फौजेलाही शेवटपर्यंत उघड सांगितलं नव्हतं. कारण सांगायचं टाळून जमवलेला माणूस कारण शोधत परत जातो.

आता छत्रपतींचा विषय काढतो, आणि इथं मला राग आवरत नाही. पेशवेपणाची वस्त्रं तुम्हाला साताऱ्याहून आली. प्रतापसिंह महाराज १८०८पासून छत्रपती, पण किल्ल्यावर तुमच्या पहाऱ्यात. लढाई पेटणार असं दिसताच त्यांना आईसकट वासोट्याला नेऊन ठेवलंत, आणि पळापळ सुरू झाल्यावर छावणीबरोबर ओढत फिरवलंत. कोरेगावापाशी तर त्यांच्यासाठी धरलेली अबदागीर इंग्रजांच्या गोळ्यांना खूण होईल म्हणून मिटवायला लावल्याचं ग्रँट डफ लिहितो. साताऱ्याकडचा स्वार हे रोज डोळ्यांनी पाहत होता: ज्याच्या नावानं आपण लढतो तो राजा आपल्याच छावणीत कैदी आहे. आष्टीला तुम्ही निघालात आणि महाराज, त्यांचे भाऊ नि आई स्मिथच्या हाती लागले. तुम्ही पुढं दौडत होतात आणि तुमच्या शिक्क्यावरचा राजा मागं राहिला होता. २१ फेब्रुवारीच्या सकाळी छत्रपतींचा चाकर म्हणवणाऱ्या माणसानं कुठं जायचं होतं? तुमच्या मागं गेला तर तो राजाला सोडतो, आणि राजाकडं गेला तर तुम्ही त्याला फितूर म्हणता.

एल्फिन्स्टनला हे तुमच्याआधी कळलं होतं. १० फेब्रुवारीला साताऱ्याचा किल्ला जवळजवळ न लढता पडला. संध्याकाळी इंग्रजांचं निशाण चढलं, आणि दुसऱ्या दिवशी ते उतरवून त्या जागी भगवा लावला गेला. ११ फेब्रुवारीचा त्याचा जाहीरनामा मी पुन्हापुन्हा वाचला आहे. त्यात शौर्याला आवाहन नाही. सातारच्या राजांसाठी राज्य राखून ठेवू. वतनं, इनामं, देवस्थानं, वर्षासनं चालू राहतील. इजारे बंद होतील. बाजीरावाला कुणी वसूल देऊ नये. आणि त्याच्या चाकरीतल्यांनी दोन महिन्यांत घरी परतावं, नाहीतर वतन जाईल. बस. दोन महिने म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत. त्यानंतर मशागत, मग मिरगाची पेरणी. त्या इंग्रजानं आमच्या माणसाचं वर्ष कसं चालतं ते ओळखून मुदत घातली की योगायोगानं तशी पडली, ते असो. ती अचूक बसली. मुदत भरत आली त्याच सुमारास साताऱ्यात प्रतापसिंह महाराज गादीवर बसवले गेले. एका बाजूला राजा, जमीन नि पेरणी. दुसऱ्या बाजूला तुम्ही, चांद्याच्या रानात.

हे आमच्यापुरतं नाही. १८६४-६५च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या यादवीत पीटर्सबर्गच्या खंदकांतून जनरल लीचे शिपाई रात्री-रात्री नाहीसे होत होते; घरून पत्रं येत होती की दाणे संपले, आणि ज्यांच्यासाठी युद्ध पेटलं ते मोठे मळेवाले सवलतीचे कायदे करून मागं राहिले होते. १९१७ साली रशियन शिपायांनी आघाडी सोडली, कारण गावात जमीन वाटली जातेय आणि आपण इथं राहिलो तर वाटणीला मुकू, हे त्यांना कळलं होतं. दोन्हीकडं सेनापतींनी भित्रेपणावर खापर फोडलं, गोळ्या घालायच्या शिक्षा फर्मावल्या. लांबलेल्या युद्धाच्या शेवटी शिपायाला मरणापेक्षा हे जास्त सलतं, की आपण मेल्यावर घरची जमीन जाईल आणि ज्याच्यासाठी मेलो तो मात्र सुखरूप राहील.

परत गेलेल्यांचं भलं झालं असं मी म्हणत नाही. कंपनीनं दिलेला शब्द किती टिकला, ते आम्ही भोगलंय. गडांवरच्या रामोश्यांचे हक्क गेले आणि उमाजी नाईक उठला. १८३२मध्ये त्याला पुण्यात फाशी दिलं. १८३९ साली प्रतापसिंह महाराजांना खोटं कुभांड रचून गादीवरून काढलं, काशीला पाठवलं. तिथंच ते १८४७मध्ये वारले. त्यांच्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. १८४८ला सातारा खालसा झालं. १८१८च्या वसंतात घोडं वळवून घरी आलेल्या शिलेदाराच्या नातवाला यातलं काही चुकलं नाही. परत गेलेल्यांनी स्वराज्य विकलं नाही, पण ते गेलं, आणि त्या जाण्यात त्यांच्या पावलांचाही आवाज होता. हे मान्य करूनही मी दोष तुमच्याच पदरात घालतो, कारण इंग्रज लबाड निघेल की खरा, हे त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही कसे निघाल, हे माहीत होतं.

आता शेवटचा कागद. माल्कमकडून तुम्ही सालीना आठ लाखांची नेमणूक मिळवलीत. मोठे जहागीरदार, जुने आश्रित, ब्राह्मण यांच्यासाठी बोलणीत शब्द टाकलात, ते ठीक केलंत. साध्या स्वाराचा उल्लेख त्यात नाही. शेवटपर्यंत राहिलेल्या अरबांनी थकलेल्या पगारासाठी तुमचा तंबू घेरला, तेव्हा तुम्हाला सोडवायला तोच माल्कम धावला. म्हणजे जे गेले त्यांना फितुरी चिकटली, आणि जे राहिले त्यांना पगारासाठी तुम्हालाच वेढा घालावा लागला.

१८१९मध्ये सांगलीच्या चिंतामणरावांशी कंपनीनं तह केला. ठरलेले स्वार घेऊन आमच्या चाकरीला हजर राहा, अशी मागणी होती. कंपनीच्या निशाणाखाली स्वार पाठवायला ते राजी नव्हते. त्याबदली एक लाख पस्तीस हजारांच्या वसुलाचा मुलूख त्यांनी तोडून दिला. पुढं ते कंपनीशी जुळवून राहिले, १८४६ साली कंपनीनं निष्ठेबद्दल तलवार भेट दिली तीही त्यांनी घेतली. हे मी झाकत नाही. पण हार ताजी होती, सौदा करायची वेळ होती, तेव्हा तुमच्या या 'फितूर' सरदारानं स्वाराऐवजी जमीन दिली.

आणि तुम्ही? बिठूरला गंगाकाठी तेहतीस वर्षं आठ लाख घेतलेत, म्हणजे अडीच कोटींच्या वर. अफगाणिस्तानच्या युद्धात कंपनीला चणचण भासली तेव्हा पाच लाख पुढं केलेत. पंजाबात युद्ध पेटलं, तेव्हा एक हजार पायदळ आणि एक हजार स्वार स्वतःच्या खर्चानं उभे करून कंपनीच्या मदतीला देतो, असं आपणहून कळवलंत. कुणी मागितलं नव्हतं. शिखांवर घालायला दोन हजार माणसं तुम्ही इंग्रजांना देऊ केलीत, ज्या इंग्रजांविरुद्ध बापू गोखले आष्टीत थोड्या स्वारांनिशी उभे राहिले होते.

ते दोन हजार लोक कुठल्या गावांतून उचलणार होतात, श्रीमंत? आणि लढाई तोंडावर आल्यावर त्यांच्याबरोबर किती वेळ थांबणार होतात?

कळावे,
कृष्णाकाठचा एक रहिवासी, सातारा